पेंटबॉल : वर्षातून दोनदा मौज, की दर रविवारी सराव?

रानवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या मराठी मंडळातील काही कुटुंबे वसंतात एकदा आणि पानगळीच्या दिवसांत एकदा पेनसिल्व्हेनियातील जिम थॉर्पजवळच्या स्कर्मिश या जंगलातील मैदानावर पेंटबॉल खेळायला जातात. मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायची हवेची बंदूक, मास्क आणि हवेची टाकी भाड्याने घ्यायची, झाडांच्या आडोशाने तासन्‌तास सरपटायचे, कोणी कोणाला बाद केले यावरून परतीच्या गाडीत भांडायचे आणि सोमवारी हातांवरचे निळे-जांभळे वळ कार्यालयात लपवायचे, एवढाच आमचा खेळ. कोण जिंकले आणि कोण हरले हे आठवडाभरात सगळे विसरलेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःचा मार्कर घेतला आणि घराजवळच्या एका लहान मैदानावर रविवारी एकटाच जाऊ लागलो. तिथे पाचव्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या गटात खेळणारा एक संघ सराव करतो. त्यांच्या कर्णधाराने मला संघात येण्याविषयी विचारले आहे. मार्च ते ऑक्टोबर दर रविवारी पूर्ण दिवस सराव, पेंटचा, म्हणजे रंगाच्या गोळ्यांचा, खर्च ज्याचा त्याने करायचा, प्रादेशिक लीगच्या किमान तीन स्पर्धा खेळायच्या आणि जमल्यास हंगामाच्या शेवटी फ्लोरिडातील वर्ल्ड कपला जायचे, अशा त्यांच्या अटी आहेत. माझे वय ४१ आहे, गुडघे अजून बरे आहेत, मुलगी ९ वर्षांची आहे. पत्नीचा विरोध नाही. तिने फक्त एवढेच विचारले की, आज या खेळात जे तुला आवडते ते त्या संघात गेल्यावर शिल्लक राहणार आहे का? मला त्याचे उत्तर देता आले नाही. ज्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. 'मनाचे ऐका' हा सल्ला मला आधीच मिळालेला आहे.

ह्यूस्टनकर

वहिनींचा प्रश्न नेमका आहे आणि माझ्या मते त्याचे उत्तर 'फारसे नाही' असे आहे. मी टेक्सासमध्ये काही हंगाम चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जंगलातल्या खेळाची सारी गंमत समोरचा माणूस कुठे आहे हे ठाऊक नसण्यात असते. स्पर्धेच्या मैदानावरून ही गंमत जवळजवळ काढूनच टाकलेली असते. मैदान १५० फूट लांब आणि १२० फूट रुंद, सपाट, चहूबाजूंनी जाळी लावलेले असते आणि त्यावर हवा भरलेले बंकर, म्हणजे लपायचे आडोसे, दोन्ही संघांना तंतोतंत सारखे येतील असे मांडलेले असतात. एका कडेला जमिनीलगत पसरलेला स्नेक हा लांब बंकर, दुसऱ्या कडेला त्रिकोणी डोरिटोंची रांग, मध्ये डब्यांच्या आणि विटांच्या आकाराचे उभे बंकर. नॅशनल एक्सबॉल लीगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीची मांडणी स्पर्धेच्या काही दिवस आधी जाहीर होते आणि देशभरातले संघ आपापल्या गावी तीच मांडणी उभारून तिच्यावर घाम गाळतात. त्यामुळे पाच विरुद्ध पाच खेळाडू उभे राहतात तेव्हा कोणत्या बंकरमधून कोणती फट दिसते, कोण कुठे धावू शकतो आणि त्याला कुठून अडवता येते, हे दहाही जणांना पाठ असते. मग निर्णय वेळेवर, नेमावर आणि एकमेकांशी किती स्पष्ट बोलता यावर होतो.

भोंगा वाजल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांना ब्रेक म्हणतात. त्या वेळी लेन धरणारा खेळाडू माणसावर नेम धरत नाही. तो दोन बंकरांमधल्या मोकळ्या जागेत गोळ्यांची सलग धार सोडतो आणि समोरून धावणारा त्या धारेत येऊन बाद होतो. शंभर फुटांवर पोहोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून धावणारा दिसल्यावर घोडा दाबणाऱ्याला नेहमीच उशीर झालेला असतो. आमच्या प्रशिक्षकाने सुरुवातीचे कित्येक आठवडे मला एवढेच करायला लावले: भोंगा, तीन पावले, धार, थांबा, परत जागेवर. दुसरी गोष्ट डाव्या हाताची. बंकरच्या डाव्या कडेने डोकावताना मार्कर उजव्याच हातात ठेवला तर अर्धी छाती उघडी पडते, म्हणून दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने खेळता यायला हवे आणि ते यायला अनेकांना संपूर्ण हंगाम लागतो. तिसरी गोष्ट स्नॅप शूटिंगची. क्षणभर बाहेर यायचे, एक-दोन गोळ्या सोडायच्या आणि समोरच्याने नेम धरण्याआधी आत जायचे. दोघांनी समोरासमोरच्या बंकरमागे बसून हे दुपारभर करायचे असते.

यात आनंद नाही असे मी म्हणणार नाही. पाठीमागच्या खेळाडूने सांकेतिक नावाने हाक दिली, तुम्ही न पाहता त्याच्या शब्दावर धावलात आणि स्नेकमध्ये पोहोचून समोरच्या दोघांना कडेने बाद केलेत, तर त्या दहा सेकंदांसाठी माणूस वर्षभर रविवार देतो. मात्र तो आनंद तुमच्या जंगलातल्या आनंदाची पुढची पायरी नाही. साहित्य तेच, पण खेळ दुसरा आहे, आणि तो तुम्हाला आवडेल की नाही हे आजच्या आवडीवरून सांगता येणार नाही.

मुळामुठा

हे वर्णन वाचून मला प्रश्न पडला की, ज्यातून लपणे, शोधणे आणि चकवणे काढून टाकले त्याला पेंटबॉल तरी का म्हणावे. या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे झाला. शहरात धंद्याच्या धकाधकीत टिकून राहणारा माणूस जंगलातही टिकेल का, या वादातून तो उभा राहिला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे हेज नोएल, लेखक चार्ल्स गेन्स आणि त्यांचे मित्र बॉब गर्न्सी यांनी मिळून १२ जण जमवले. त्यांच्या हातांत होती ती नेलस्पॉट ००७, म्हणजे नेल्सन या रंगकंपनीसाठी तयार झालेली आणि झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी वापरली जाणारी पिस्तुले. प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल कलवून पुढची गोळी आणायची आणि हाताने खटका ओढायचा, असा तो संथ कारभार होता. जंगलात ठिकठिकाणी ठेवलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे होते. जिंकला तो रिची व्हाइट आणि त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही. कोणाला दिसलाच नाही तो!

सेकंदाला दहा गोळ्यांची धार सोडून मोकळी जागा अडवणे ही मला त्या कल्पनेची नेमकी उलटी बाजू वाटते. रानवाटा यांनी जंगलातच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्यूस्टनकर

मुळामुठा, गोष्ट खरी आहे, पण तिचा उत्तरार्ध तुम्ही सांगितला नाहीत. रिची व्हाइट हा वनपाल होता. जंगलात आवाज न करता चालणे हा त्याचा रोजचा व्यवसाय होता. १२ जणांत सर्वाधिक सराव असलेला माणूस जिंकला, असाच त्या डावाचा निकाल आहे. मौजेखातर आलेल्या बाकीच्यांनी एकमेकांना रंगवले आणि ज्याचा हात, खरे तर पाय, बसलेला होता तो झेंडे घेऊन निघून गेला.

दृष्टिक्षेप

मी सांगलीत नेत्रतज्ज्ञ आहे. स्वतः हा खेळ क्वचितच खेळलो आहे, परंतु डोळ्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मौज आणि सराव यांतला एक मोठा फरक इथे आहे आणि तो लोकांच्या समजुतीच्या उलट आहे.

नेहमीची पेंटबॉलची गोळी ०.६८ इंच व्यासाची आणि सुमारे ३ ग्रॅम वजनाची असते. मैदानावर तिच्या वेगाची कमाल मर्यादा बहुधा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे साधारण ९१ मीटर असते. या हिशेबाने ती सुमारे साडेबारा जूल ऊर्जा घेऊन येते. पाठीवर किंवा मांडीवर तिने वळ उठतो आणि आठवड्याभरात जातो. डोळ्यावर मात्र हीच गोळी खोबणीच्या हाडांच्या आत बसण्याइतक्या आकाराची असल्यामुळे बुबुळापुढच्या कप्प्यात रक्तस्राव होणे, भिंग सरकणे, दृष्टिपटल फाटणे किंवा निसटणे, आणि बऱ्याच वर्षांनी काचबिंदू होणे, हे सारे एका आघातातून होऊ शकते. यातली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नसते.

असा आघात मास्क नीट लावलेला असताना जवळजवळ होत नाही. तो मास्क वर केल्यावर होतो. वाफ धरली म्हणून, घाम आला म्हणून, खेळ संपला असे वाटले म्हणून, किंवा मित्राला फोटो काढायचा होता म्हणून लोक मास्क वर करतात आणि हे करणारे बहुतेक जण कधीतरी मौजेसाठी आलेले असतात. संघात सराव करणाऱ्याला जाळीच्या आत मास्कला हात लावायचा नसतो, जाळीबाहेर पडण्याआधी नळीवर आवरण चढवायचे असते आणि दर डावाआधी वेगमापकावर मार्कर तपासायचा असतो. काही रविवारांत हे अंगवळणी पडते. त्यामुळे डोळ्यांच्या दृष्टीने पाहता, सराव करणारा माणूस सहलीला आलेल्या माणसापेक्षा अधिक सुरक्षित असतो. गुडघे, घोटे आणि खांदे यांच्याविषयी मात्र मला हेच म्हणता येणार नाही. ४१ व्या वर्षी स्नेकमध्ये उडी मारून सरपटण्यापूर्वी एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलून घ्यावे.

रानवाटा, भाड्याच्या मास्कवर अवलंबून राहू नका. दुहेरी काचेचा, वाफ न धरणारा स्वतःचा मास्क ही तुमची पहिली खरेदी असायला हवी होती, मार्कर नंतर.

पवनाकाठ

मी पुण्याजवळ काही वर्षे पेंटबॉलचे मैदान चालवले, त्यामुळे इकडची स्थिती सांगतो. आमच्याकडे येणारा गिऱ्हाईक म्हणजे कंपनीची सहल, वाढदिवस, किंवा लोणावळ्याला जाता जाता थांबलेला कॉलेजचा गट. प्रत्येकाला ठरावीक गोळ्यांचे पॅकेज मिळते, साधारण ३० ते ५० गोळ्या, आणि त्या संपल्या की खेळ संपतो. त्यामुळे माणूस गोळी जपून वापरतो, चार गोळ्या झाडून लपून बसतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या उधळून टाकतो. ह्यूस्टनकर ज्या धारेविषयी लिहीत आहेत ती धार एका माणसाने ब्रेकला सोडली, तर आमचे अख्खे पॅकेज पाच सेकंदांत संपेल. सराव करून खेळायचे म्हटले तर मुळात हे गणितच बदलावे लागते आणि मुंबई-पुण्यात ते बदलायला तयार असलेले दहा जण एका वेळी मिळणे मला कधीच जमले नाही.

आणखी एक अडचण पावसाळ्याची. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि आतला रंग पाण्यात विरघळणारा, पॉलिएथिलीन ग्लायकॉलवर आधारित असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत जिलेटिन ओलावा शोषून घेते, गोळी फुगते, तिचा गोलपणा जातो आणि ती नळीतच फुटते. एकदा नळीत रंग गेला की पुढच्या प्रत्येक गोळीचा नेम भलतीकडे. पेटी उघडल्यावर उरलेला माल हवाबंद डब्यात ठेवला नाही तर तो मी सरळ फेकून देत असे. मैदानाला घाटाखालची जागा निवडणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

पण मला मुख्यतः वेगळीच गोष्ट सांगायची आहे. माझ्याकडे अधूनमधून तीन-चार सराईत मुले येत. स्वतःचे वेगवान मार्कर, पाठीला पॉडचे, म्हणजे जादा गोळ्यांच्या नळकांड्यांचे, पट्टे, चढ्या आवाजातले बोलणे. त्यांना मी सहलीच्या गटात मिसळू दिले की अर्ध्या तासात त्या गटातल्या निम्म्या लोकांनी बाकी गोळ्या परत करून चहाच्या टपरीकडे मोर्चा वळवलेला असे. पहिल्यांदा आलेल्या मुलीला दहा फुटांवरून सात-आठ गोळ्या एकदम बसल्या तर ती पुन्हा येत नाही आणि तिच्याबरोबरची सगळी मंडळीही येत नाहीत. या धाग्यात सराव करणाऱ्याला काय मिळते याची चर्चा चालू आहे. सराव केलेला माणूस बाकीच्यांचे काय करतो, हेही कोणीतरी लिहावे.

अटकेपार

पवनाकाठ यांनी बोट ठेवले ते खरे दुखणे आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच मैदानांवर जवळून गोळी झाडण्याऐवजी शरण येण्याची संधी द्यावी असा नियम असतो, सराईतांचे आणि भाड्याचे साहित्य घेणाऱ्यांचे गट वेगळे केले जातात, किंवा सराईतांना दोन्ही बाजूंत वाटून टाकले जाते. तरीही रविवारी दुपारी मैदानावर माणसे कमी असली की सगळे एकत्रच खेळतात आणि मग ते घडायचे ते घडते.

मी यावर स्वतःपुरता तोडगा काढला. कॅलिफोर्नियात दोन हंगाम संघात खेळून झाल्यावर मी पंप मार्कर घेतला. प्रत्येक गोळीसाठी हाताने पुढे-मागे ओढावे लागते, म्हणून धार सोडता येत नाही. जागा बदलणे, वाट पाहणे आणि एकच गोळी नेमकी मारणे एवढेच हातात उरते. नवशिक्यांबरोबर खेळताना त्यांना माझ्यामुळे त्रास होत नाही आणि मला मात्र पुरेपूर दमछाक मिळते. स्पर्धाच हवी असेल, तर इलेक्ट्रॉनिक मार्कर न चालणाऱ्या यांत्रिक मार्करच्या स्पर्धाही आता ठिकठिकाणी होतात आणि त्यांत पेंट निम्म्याहून कमी लागते. तेव्हा मुळामुठा यांचे जंगल आणि ह्यूस्टनकरांचे हवेचे बंकर एवढ्या दोनच वाटा आहेत असे समजण्याचे कारण नाही.

खांबापाशी

मला पेंटबॉलमधले काही कळत नाही, परंतु मी शालेय आणि पुढे विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळले आहे आणि धागाकर्त्यांचा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा वाटतो. गल्लीत खो-खो खेळताना पळणे आणि पकडणे एवढेच असते. संघात गेल्यावर आमच्या बाईंनी पहिले कित्येक दिवस आम्हाला कोणाला पकडूच दिले नाही. खांबाला हात लावून वळणे, पाटीवर बसलेल्या स्थितीतून उठणे, खो देताना हात आणि आवाज एकाच क्षणी पोहोचवणे, हेच रोज संध्याकाळी. ज्या मुली गल्लीत सर्वांत चपळ होत्या त्यांतल्या निम्म्या महिन्याभरात सोडून गेल्या आणि जेमतेम पळणाऱ्या दोघी शेवटपर्यंत टिकल्या, कारण त्यांना तेच तेच पुन्हा करण्याचा कंटाळा येत नसे, उलट कालपेक्षा आज पाऊल नीट पडले याची त्यांना मौज वाटत असे.

म्हणून मला वाटते, खेळ आवडतो का हे रानवाटा यांनी स्वतःला विचारण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी एकालाही बाद करायला मिळणार नाही असा सरावाचा दिवस त्यांना आवडेल का, हे विचारावे. तसेच, संघातले बाकीचे लोक त्यांना आवडतात का, हे पाहावे; कारण आठ महिने रविवार त्यांच्याबरोबर जाणार आहेत आणि मुलीबरोबर जाणार नाहीत.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून लिहितो. इथे नेहमीच्या मार्करने हा खेळ १८ वर्षांखालील मुलांना खेळता येत नाही, त्यामुळे मुलांना घेऊन सहलीला जाण्याचा प्रकार फारसा नाही. पंचकोनात एफ अक्षराची खूण असलेल्या, म्हणजे परवान्याशिवाय घेता येणाऱ्या, मार्करची ऊर्जा साडेसात जूलपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून मैदानावर वेग सेकंदाला २१४ फुटांच्या आसपास ठेवतात आणि मार्करची ने-आण कुलूपबंद पेटीतूनच करावी लागते. २००९ मध्ये विनेन्डेनच्या शाळेतील गोळीबारानंतर सरकारने या खेळावर बंदी घालण्याचा विचार मांडला होता. पुढे तो मागे घेतला गेला. या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की, कधीतरी मौज म्हणून येणाऱ्यांबरोबरच मंडळाचे सदस्य होऊन नियमित खेळणाऱ्यांचा वर्ग इथे चांगला रुजला आहे. डॉइशे पेंटबॉल लीगाच्या खालच्या गटांत माझ्या मंडळाचे लोक खेळतात. त्यांतले कित्येक जण चाळिशीचे आहेत आणि कोणाला विजेतेपदाची आस नाही. सराव करणारा म्हणजे महत्त्वाकांक्षी, हे समीकरण मला इथे दिसत नाही.

मुळामुठा

ऱ्हाईनकाठ यांचा मुद्दा मान्य. तरीही एक गोष्ट मला टोचते आणि ती ह्यूस्टनकरांनी टाळली आहे. जंगलात खेळताना गोळी लागली की आम्ही हात वर करून बाहेर पडतो, कारण फसवून मिळवण्यासारखे तिथे काहीच नसते. स्पर्धेत मात्र अंगावरचा रंग हळूच पुसून खेळत राहण्याचा प्रकार चालतो, असे मी अनेकदा ऐकले आणि एका प्रादेशिक स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेलो असताना डोळ्यांनी पाहिलेही आहे. ज्या खेळाचा पायाच 'मला लागली' हे स्वतः कबूल करण्यावर उभा आहे, त्यात जिंकण्याची ओढ शिरली की पहिला बळी कबुलीचाच जातो.

ह्यूस्टनकर

टाळले नाही, राहून गेले. रंग पुसण्याचा प्रकार होतो हे खरे आहे आणि पंचांना तो दिसला तर त्याची शिक्षा जबर असते: पुसणारा बाहेर जातोच, शिवाय त्याच्याबरोबर त्याच्या संघातले आणखी खेळाडू मैदानाबाहेर काढले जातात. पाचांतले एवढे गेले की तो पॉइंट, म्हणजे तो डाव, संपल्यातच जमा असतो. एकाच्या लबाडीची किंमत बाकीच्यांना द्यावी लागत असल्यामुळे संघातल्या संघात यावर जो धाक असतो तो पंचांच्या धाकापेक्षा मोठा असतो, निदान आमच्या संघात तरी होता. उलट पाठीवर, पॉडच्या पट्ट्यावर लागलेली गोळी धावपळीत खरोखरच कळत नाही आणि मग प्रामाणिक माणूसही शिक्षेत सापडतो. लागली असे वाटले की स्वतःला किंवा शेजारच्याला तपासायला लावणे, हेही सरावातच शिकवले जाते.

मात्र तुमचे एक म्हणणे मी नाकारत नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये, जिथे लोक नुकतेच जिंकायला शिकत असतात, तिथे ही लबाडी वरच्या गटांपेक्षा जास्त दिसते. रानवाटा ज्या संघात जाणार आहेत तो संघ याबाबतीत कसा आहे, हे त्यांनी एखादा सराव सामना बाहेर उभे राहून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

रानवाटा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कर्णधाराशी पुन्हा बोललो आणि खर्चाचा हिशेब मांडला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो. मैदानावर २,००० गोळ्यांची पेटी ५० ते ८० डॉलरला मिळते आणि सरावाच्या दिवशी प्रत्येकाची साधारण एक पेटी संपते. तीस रविवार धरले आणि मधली किंमत धरली, तर केवळ पेंटचे जवळपास दोन हजार डॉलर होतात. त्यात मैदानाचे शुल्क, हवा भरण्याचे पैसे, स्पर्धेच्या प्रवेशशुल्कातला वाटा, हॉटेल आणि पेट्रोल मिळवले की आकडा सहज दुप्पट होतो. संघातल्या बहुतेकांचे मार्कर दीड हजार डॉलरच्या वरचे आहेत, परंतु कर्णधाराने माझा स्वस्तातला मार्कर पहिल्या हंगामाला पुरेल असे प्रामाणिकपणे सांगितले. टाकी मात्र बदलावी लागेल. मी सध्या कार्बन डायऑक्साइडची वापरतो आणि मार्चमधल्या थंडीत तिच्यावर गोळीचा वेग खालीवर होतो. दाबलेल्या हवेची टाकी घ्यायची आहे.

खांबापाशी यांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतो आहे. मला खरोखर ठाऊक नाही की एकालाही बाद न करता गेलेला दिवस मला आवडेल का. आणि मुलीने परवा विचारले की तिला कधी खेळता येईल.

अटकेपार

मुलीचे उत्तर सोपे आहे. बऱ्याच मैदानांवर लहान मुलांसाठी ०.५० इंचाच्या हलक्या गोळ्यांचा, कमी वेगाचा खेळ असतो. किमान वय प्रत्येक मैदानाचे वेगळे असते, ते विचारून घ्या. आणि मास्क तिच्या चेहऱ्याच्या मापाचा घ्या; मोठ्यांचा मास्क पट्टा आवळून लहानाला बसवू नका.

दृष्टिक्षेप

वरील वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन.

पवनाकाठ

टाकी वापरलेली घेणार असाल तर तिच्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्बन फायबरच्या टाकीची अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी करावी लागते आणि तिचे एकूण आयुष्य बहुधा पंधरा वर्षांचे धरतात. मुदत संपलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी कोणतेही जबाबदार मैदान ती भरून देणार नाही.

ह्यूस्टनकर

रानवाटा, हंगामाचा शब्द देण्याआधी एक सुचवतो. तुमच्या भागातल्या लहान मैदानांवर तीन विरुद्ध तीनच्या एका दिवसाच्या स्थानिक स्पर्धा होत असतील. त्या संघातल्या दोघांना बरोबर घेऊन अशी एक स्पर्धा खेळा. तिचा खर्च एका सरावाच्या दिवसाहून फार जास्त नसतो, पण ब्रेक, लेन, बोलणे आणि बाद झाल्यावर जाळीबाहेर उभे राहून उरलेल्या दोघांना पाहणे, हे सारे एका दिवसात अनुभवायला मिळते. त्याआधी दोन रविवार पाहुणा म्हणून सरावाला जा आणि कर्णधाराला सांगून त्यातला एक दिवस फक्त कवायतीचा मागून घ्या, सामन्याचा नको. पाचव्या डिव्हिजनमध्ये माणसांची नेहमीच चणचण असते, त्यामुळे तो नाही म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट कर्णधाराला लेखी विचारा: तीन स्पर्धांपैकी एखादी चुकली तर प्रवेशशुल्कातला वाटा परत मिळतो की नाही. संघ फुटतात ते बहुधा याच मुद्द्यावर.

मुळामुठा

आणि पानगळीतली जिम थॉर्पची सहल त्या रविवारांत बसते का, तेही त्याच कागदावर विचारून घ्या.

रानवाटा (धागाकर्ता)

विचारले. ऑक्टोबरचा तिसरा रविवार मोकळा ठेवला आहे, असे त्याने कळवले आहे. प्रवेशशुल्काविषयी मात्र अजून उत्तर आलेले नाही. तीन विरुद्ध तीनची स्पर्धा एप्रिलच्या शेवटी आहे. दोघे तयार झाले आहेत. गुडघ्यांसाठी कोणते पॅड घ्यावेत, याविषयी कोणी लिहिले तर बरे होईल. पँटच्या आत घालायचे की बाहेर, यावर मैदानावर दोन तट आहेत.

ह्यूस्टनकर

आत. बाहेरचे पॅड पहिल्याच घसरण्यात पोटरीवर येतात. आणि कोपरांचेही घ्या, ते लोक विसरतात.